हाताची घाई

थ्रोच्या, म्हणजे गोळा, थाळी, भाला फेकण्याच्या, सरावात एक गंमत हमखास पाहायला मिळते. मुलगा सर्कलमध्ये उभा राहतो, गोळा मानेला लावतो आणि आज काहीतरी करून दाखवायचंच म्हणून सगळा जीव एकवटून फेकतो. चेहरा लाल होतो, तोंडातून आरोळी निघते आणि गोळा नेहमीच्या खुणेच्या अलीकडेच धप्पकन पडतो. वैतागून तो दुसरा गोळा उचलतो आणि ‘जाऊ दे’ म्हणत सहज टाकतो. तो जातो हातभर पुढे.

कॉलेजात गोळा फेकायचो तेव्हा माझं हे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं, आणि दर वेळी मी त्याला नशीब म्हणायचो. ते नशीब नव्हतं हे कळायला दोन हंगाम गेले. जोर लावलेली फेक कमी जाते आणि सहज टाकलेली लांब जाते, याला अगदी साधं यांत्रिक कारण आहे. ते एकदा नीट कळलं की तंत्राचा बराचसा गुंता सुटतो. मनाचाही सुटतो, कारण दोन्हीकडचा आजार एकच आहे: घाई.

आधी थोडं गणित, फार नाही. हातातून सुटलेली वस्तू किती लांब जाणार हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरतं: सुटतानाचा वेग, कोन आणि उंची. थाळी आणि भाला यांच्याबाबतीत हवेचाही हिशेब असतो, पण गोळ्याला हवेचं फारसं सोयरसुतक नसतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. समजा, गोळा जमिनीपासून २.१ मीटर उंचीवर, ३७ अंशांत, सेकंदाला १२ मीटर वेगाने सुटला. तो साधारण साडेसोळा मीटर जाईल. आता वेग तोच ठेवून कोन ४१ अंश करा. फायदा जेमतेम १५ सेंटिमीटरचा. उलट कोन ३७ अंशच ठेवून वेग १३ केला, तर गोळा १९ मीटरच्या जवळ पोहोचतो. कोनाने वीतभर, वेगाने अडीच मीटर! अंतर जवळपास वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून असं होतं.

‘४५ अंशांत टाकलं की सगळ्यात लांब जातं’ हा शाळेच्या पुस्तकातला नियम इथे चालत नाही, तो का हेही सांगून टाकतो. एक तर गोळा जमिनीवरून सुटत नाही, डोक्याच्या उंचीवरून सुटतो. दुसरं, जितकं वर ढकलायला जाल तितका जोर कमी पडतो. आडव्या बेंचवर जेवढं वजन उचलता तेवढं तिरक्या बेंचवर उचलता येत नाही, तसंच. त्यामुळे चांगल्या गोळाफेकपटूंचा कोन साधारण ३५ ते ३८ अंशांत दिसतो. ‘अजून वर टाक’ हा मैदानावर सर्वात जास्त दिला जाणारा सल्ला बहुतेक वेळा वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणजे खरा प्रश्न उरतो तो वेगाचा. तो कुठून आणायचा?

दंडातून नाही. दंड हा शरीरातला तुलनेने छोटा स्नायू, आणि त्याला काम करायला मिळणारा वेळही अगदी थोडा. मोठे स्नायू आहेत मांड्या, नितंब आणि पाठ यांचे. फेक म्हणजे या मोठ्या स्नायूंनी तयार केलेला वेग खालून वर, एका सांध्याकडून दुसऱ्या सांध्याकडे सोपवत नेणं. पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, मग छाती, मग खांदा, मग कोपर, शेवटी मनगट आणि बोटं. गोफण आठवा. गोफण फिरवणारा माणूस दगडाला ढकलत नाही. तो दोरी फिरवतो, आणि दगड दोरीच्या टोकाला, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वेगाने येतो. आपला हात ही ती दोरी आहे.

आता ‘जीव एकवटून’ फेकताना काय होतं ते पाहा. मेंदू आज्ञा देतो: जोर लाव! ही आज्ञा सगळ्यात आधी मानतो तो हात, कारण जोर म्हणजे हात हे आपल्या डोक्यात लहानपणापासून घट्ट बसलेलं असतं. कंबर अजून वळायची असते आणि खांदा पुढे निघून गेलेला असतो. साखळीतली मधली कडी निसटते. पायांनी कमावलेला वेग हातापर्यंत पोहोचतच नाही आणि बिचारा हात एकट्याच्या बळावर सव्वासात किलोचं लोखंड ढकलत बसतो. सहज टाकलेल्या फेकीत हात आळसावलेला असतो, म्हणून मागे राहतो. मागे राहतो म्हणून ताणला जातो. ताणला जातो म्हणून सुटताना आसुडासारखा येतो.

या मागे राहण्याला थ्रोच्या भाषेत सेपरेशन म्हणतात. कंबर पुढच्या दिशेला तोंड करून, खांदे अजून मागे. ओला टॉवेल पिळताना दोन हात उलट दिशांना फिरतात, तसा धडाला पीळ पडतो. ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला तर तो न ताणलेल्या स्नायूपेक्षा जास्त जोर देतो. अट एकच, मध्ये वेळ जाता कामा नये.

ही वेळ डोळ्यांनी पाहणं अवघड आहे. कानांनी ऐकणं सोपं. आमच्या प्रशिक्षकांची एक सवय होती. ते सर्कलकडे पाठ करून बाकावर बसत, डोळे मिटत आणि म्हणत, “टाक.” फेक झाली की न बघताच सांगत, “डावा उशिरा आला.” आम्हाला ती जादू वाटायची. ते फक्त बुटांचा आवाज ऐकायचे. उजव्या हाताने फेकणाऱ्याचं सांगतो: गोळ्याची ग्लाइड (पाठ करून सरळ सरकत येणं) असो, स्पिन (गिरकी घेत येणं) असो, थाळीची गिरकी असो की भाल्याची शेवटची दोन पावलं, सगळ्यांत एक क्षण असा येतो की उजवा पाय टेकतो आणि त्यानंतर डावा. या दोन आवाजांमध्ये किती जागा आहे त्यात अर्धी गोष्ट सांगून होते. चांगल्या ग्लाइडमध्ये तो आवाज ‘टटक्’ असा, जवळजवळ जोडून येतो. बिघडलेल्यात ‘टप्… टप्’. त्या मधल्या रिकाम्या जागेत फेकणारा एका पायावर असतो, समोर अडवणारं काही नसतं, शरीर पुढे वाहत जातं आणि धडाचा पीळ आपोआप उलगडतो. डावा पाय टेकेपर्यंत फेकायला काही शिल्लकच राहत नाही.

डावा पाय इतका महत्त्वाचा का? कारण तो ब्रेक आहे. भरधाव बसने करकचून ब्रेक मारला की गाडी थांबते आणि उभे प्रवासी पुढे फेकले जातात. डावी बाजू ताठ राहिली की खालचं शरीर थांबतं आणि तो वेग वरच्या शरीरात, तिथून हातात जातो. याला ब्लॉक म्हणतात. भालाफेकीत हे सगळ्यात ठळक दिसतं. धावत आलेला माणूस पुढचा पाय जवळजवळ सरळ ठेवून जमिनीत रोवतो आणि भाला हातातून निसटून जातो. गुडघा वाकला तर ब्रेक सैल पडला म्हणून समजा. तुमचा स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ऐका. व्हिडिओपेक्षा लवकर शिकाल.

गोळाफेकीचा इतिहासही एका अर्थाने हात उशिरा आणण्याचाच इतिहास आहे. पूर्वी खेळाडू सर्कलमध्ये आडवे उभे राहून उडी मारत पुढे यायचे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने फेकण्याच्या दिशेला चक्क पाठ केली आणि तिथून ग्लाइड सुरू केली. गोळ्यावर जोर लावायला जास्त लांबीचा मार्ग मिळाला. १९५४ मध्ये ६० फुटांची, म्हणजे १८.२९ मीटरची, भिंत त्याने ओलांडली. पुढे १९७६ मध्ये सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने थाळीसारखी गिरकी घेत २२ मीटरचा विश्वविक्रम केला. आज रायन क्राउझरच्या नावावर असलेला २३.५६ मीटरचा २०२३ मधला विश्वविक्रमही गिरकीचाच.

मग सगळ्यांनी गिरकीच मारायची का? मला तसं वाटत नाही. गिरकी वेग देते आणि गोंधळही देते. २.१३५ मीटर व्यासाच्या सर्कलमध्ये दीड फेरी मारून तोल सांभाळणं हे ज्याचे पाय चपळ आहेत त्याचं काम. उंच, लांब हातांच्या, शांत स्वभावाच्या मुलाला ग्लाइड अनेकदा जास्त देते. एक साधी कसोटी लावा: जागेवर उभं राहून केलेली फेक आणि पूर्ण सर्कल वापरून केलेली फेक यांत फरक किती? चांगल्या ग्लाइडमध्ये तो साधारण दीड-दोन मीटरचा असतो. अर्धा मीटरही नसेल, तर सर्कलच्या मागच्या भागात तुम्ही कमावण्यापेक्षा गमावताय जास्त.

आणि गमावता ते बहुधा पहिल्याच हालचालीत. शेवटच्या झटक्यात चूक शोधत बसणं हा फेकणाऱ्यांचा आवडता छंद आहे, पण शेवटी दिसणारी चूक बहुतेक वेळा मागच्या कडेला जन्मलेली असते. थाळीफेकीचं उदाहरण घ्या. फेकणारा मागच्या कडेला थाळी मागे नेतो आणि तिथेच त्याला पुढे जायची ओढ लागते. वजन डाव्या पायावर पुरतं येण्याआधीच तो डोकं आणि डावा खांदा आत ओढतो. शरीर सर्कलच्या मध्यभागाकडे कलंडतं. मग उजवा पाय मधोमध पडत नाही, भलतीकडे पडतो. डावा पाय उशिरा येतो. थाळी घेतलेला हात धडाला येऊन मिळतो. आणि थाळी सेक्टरच्या (फेक पडण्यासाठी आखलेल्या क्षेत्राच्या) उजव्या बाजूला जाळीत आदळते. बघणारा म्हणतो, “लवकर सोडलीस की!” खरं म्हणजे त्याने लवकर सुरू केली. यावर उपाय कंटाळवाणा आहे: थाळी न घेता, फक्त मागच्या कडेवरची पहिली पाव फेरी, संथपणे, पन्नास-पन्नास वेळा. डाव्या पायाच्या चवड्यावर वजन, डावा हात लांब, नजर क्षितिजावर. सुरुवात हळू आणि शेवट वेगात. थाळीची लय अशीच असते आणि ती उलटी वाजली की फेक गेलीच.

थाळी बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकलेली असते, मुठीत धरलेली नसते. ती सुटते तर्जनीवरून, सगळ्यात शेवटी, आणि त्या स्पर्शाने तिला फिरकी मिळते. फिरकी नसली तर ती हवेत पानासारखी डुगडुगते. समोरून येणाऱ्या वाऱ्याला घाबरू नका. नीट सुटलेल्या थाळीला तो उचलून धरतो.

भालाफेकीतली घाई वेगळ्या ठिकाणी दिसते. धाव जितकी जोरात तितकी फेक लांब असं वाटतं, पण जो वेग पुढचा पाय अडवू शकत नाही तो वेग वापरात येतच नाही. नवख्याने पाच किंवा सात पावलांची धाव नीट बसवावी, मग वाढवावी. दुसरं म्हणजे, भाल्याचं टोक चेहऱ्याजवळ राहू दे. हात मागे नेताना ते आकाशाकडे गेलं की भाला तिरका सुटतो, हवा त्याला खालून धरते आणि तो पुढे जाण्याऐवजी उभा राहतो. कोपर खांद्याच्या खाली पडलं तर अंतर जातंच, शिवाय कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. तिथे दुखू लागलं तर ‘चालतंय’ म्हणून पुढे फेकत राहू नका. ती दुखापत वर्ष खाऊ शकते.

हातोड्याबद्दल, म्हणजे तारेच्या टोकाला लावलेल्या गोळ्याबद्दल, इथे एवढंच सांगतो की त्यात तर हाताने ओढणं हा गुन्हाच. हात म्हणजे तारेची पुढची लांबी, बस्स.

आता कॉलेजातल्या एका खास दुखण्याकडे येतो, कारण बरीच चांगली मुलं याच वळणावर खेळ सोडतात. अठरा वर्षांखालच्या गटात मुलांचा गोळा ५ किलोचा, वीस वर्षांखाली ६ किलोचा आणि खुल्या गटात ७.२६ किलोचा. थाळी दीड किलोवरून पावणेदोनवर आणि मग दोनवर जाते. मुलींचा गोळा ३ किलोवरून ४ किलोवर जातो. म्हणजे सोळा मीटर टाकणारा मुलगा पुढच्या वर्षी चौदा-साडेचौदावर येतो, तो काहीही चुकलेला नसताना. सव्वा किलो जड वस्तू, अंतर कमी होणारच. पण वहीत आकडा उतरलेला दिसतो, वर्गातली मुलं विचारतात, आणि तो काय करतो? जोर लावतो. हात आधी आणतो. वर्षभरात चांगलं तंत्र स्वतःच्या हाताने मोडून ठेवतो. मी नेमकं हेच केलं. वजन बदललं की नव्या वजनाची पहिली फेक हीच तुमची नवी शून्यरेषा धरा आणि जुना आकडा वहीच्या जुन्या पानावर राहू द्या.

हलकी-जड वजनं सरावात आलटून पालटून वापरता येतात. हातोडाफेकीतले अनातोली बोंदारचुक हे याचं मोठं नाव. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकलं आणि १९७६ मध्ये माँट्रियलला त्यांना कांस्य मिळालं. त्या वेळी सुवर्ण नेलं ते त्यांचाच शिष्य युरी सेडिखने. त्याच सेडिखची १९८६ मधली ८६.७४ मीटरची फेक आजही विश्वविक्रम आहे. जिममधली ताकद फेकीत उतरेलच असं नाही, फेकीच्या जवळ जाणारी ताकदच उतरते, हा बोंदारचुक यांचा धडा. हलकं वजन वेग शिकवतं, जड वजन ताकद, पण फार जड घेतलं की तंत्र बदलतं आणि शरीर तेच बदललेलं तंत्र लक्षात ठेवतं. बेंच प्रेसच्या आकड्यावर मित्रांशी पैजा लावणाऱ्यांनी एवढं वाक्य पुन्हा वाचावं. स्क्वॉट, क्लीन आणि स्नॅच या वजनाच्या व्यायामांनी पाय व कंबर तयार होतात, बेंच त्यानंतर.

मनाचं प्रकरण इथूनच सुरू होतं. सरावात सोळा आणि स्पर्धेत चौदा, हे रडगाणं प्रत्येक कॉलेजात ऐकू येतं. स्पर्धेत आपण जास्त प्रयत्न करतो हे एक. दुसरं, आपण आपल्याच शरीराकडे टक लावून पाहू लागतो: गुडघा किती वाकला, खांदा कुठे आहे, मनगट बरोबर आहे ना. सरावाने आपोआप चालणारी हालचाल मन सुटी करून तपासू लागलं की ती अडखळते. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून पाहा, पाय चुकेल. हालचालींच्या अभ्यासक गॅब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून यावर बरंच संशोधन केलं. त्यातून वारंवार दिसलं की लक्ष शरीराच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या बाहेरच्या परिणामावर ठेवलं तर हालचाल सहसा चांगली होते. फेकणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ‘कंबर वळव’ यापेक्षा ‘जमीन मागे ढकल’, आणि ‘कोपर वर ठेव’ यापेक्षा ‘भाल्याच्या टोकातून भाला फेक’ ही सूचना बरी. आणि सर्कलमध्ये जाताना अशी सूचना एकच. दोन घेऊन गेलात की एकही हाती लागत नाही.

स्पर्धेचा आराखडाही घाईवरच ठरतो. तीन फेका मिळतात, पहिल्या आठांत आलात तर आणखी तीन. वॉर्म-अपमध्ये दिवसातली सर्वोत्तम फेक खर्चून बसणारे मी कितीतरी पाहिलेत, मीही त्यांतलाच. वॉर्म-अपमध्ये दोन सहज फेका पुरेत. पहिली मोजणीतली फेक नव्वद टक्क्यांची, सेक्टरच्या मधोमध, नोंद होईल अशी. आकडा फळ्यावर लागला की छातीवरचा दगड उतरतो. मोठ्या खेळाडूंचंही पाय बाहेर पडून तोंडचं पाणी पळतं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत नीरज चोप्राच्या सहांपैकी पाच फेका फाउल होत्या. ८९.४५ मीटरची दुसरी फेक एवढीच वैध, आणि तिनेच रौप्य आणलं.

याहून बोलकी गोष्ट २०१९च्या दोहा इथल्या जागतिक स्पर्धेतल्या गोळाफेकीची. न्यूझीलंडच्या टॉम वॉल्शने पहिलीच फेक २२.९० मीटर टाकली. स्पर्धा संपल्यातच जमा होती. पुढच्या पाचही फेका त्याने फाउल केल्या. शेवटच्या फेरीत चौथ्या क्रमांकावरच्या जो कोव्हाक्सने २२.९१ टाकली, एका सेंटिमीटरने पुढे. मग क्राउझर आला, त्याचीही २२.९०. वॉल्श आणि क्राउझर बरोबरीत. अशा वेळी प्रत्येकाची दुसरी सर्वोत्तम फेक पाहतात. क्राउझरकडे ती होती, वॉल्शकडे दुसरी वैध फेकच नव्हती. रौप्य क्राउझरला, कांस्य वॉल्शला. पहिल्या फेरीत २२.९० टाकणाऱ्याला नंतर कुठेतरी एक साधी, सरळ, हद्दीतली फेक हवी होती.

दोन फेकींच्या मधला वेळ हाही सरावाचाच भाग आहे, पण त्याचा सराव कोणी करत नाही. फेक झाल्यावर दोन मिनिटं ती मनात घोळवायला मुभा द्या, वैताग असो वा आनंद. मग बसा, बुटाची नाडी पुन्हा बांधा, पाणी प्या, इतरांच्या फेका मोजू नका. आपली पाळी यायच्या आधी उठा, हात पुसा, सूचना मनात एकदा म्हणा. सर्कलमध्ये शिरण्याची पद्धत दर वेळी तीच ठेवा, अगदी गोळ्यावरची माती कोणत्या हाताने पुसायची इथपर्यंत. ही अंधश्रद्धा नाही. मनाला करायला ओळखीचं काम मिळतं, त्यामुळे ते अनोळखी काम शोधत फिरत नाही.

रोजच्या सरावात पंचवीस-तीस नीट फेका पुष्कळ झाल्या. त्यानंतर थकलेलं शरीर चुकीचं तंत्र गिरवत राहतं. फोन एकदा बाजूने आणि एकदा मागून लावा, दर फेकीला बघत बसू नका. पाच फेकींनंतर एकदा बघा आणि बघण्याआधी स्वतः सांगा की कुठली चांगली वाटली. जाणीव आणि चित्र जुळू लागलं की तुम्हाला प्रशिक्षक हाताशी नसतानाही दुरुस्ती करता येते.

आमचे ते डोळे मिटून बसणारे सर महिन्यातून एकदा टेप गुंडाळून पिशवीत टाकायचे. त्या दिवशी मोजणी बंद. गोळा कुठे पडला ते बघायचं नाही, फेकून झालं की मान खाली आणि कान उघडे. पहिल्या वेळी मला ते शिक्षेसारखं वाटलं. अर्ध्या तासाने बारावी की तेरावी फेक सुटली, बुटांचा आवाज ‘टटक्’ असा एकदाच आला आणि हातात काहीच जड लागलं नाही. मी वर पाहिलं नाही. बाकावरून आवाज आला, “हं. अशीच आणखी एक.”